आईचा गेंडा

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण गेंड्यावरून झालं. हे वाक्य मी कुठंही म्हटलं की लोक हसतात, आणि मला वाटतं, हसा बापडे, तुम्ही तिथं नव्हतात. बाबांना न्हावा-शेव्याच्या बंदरात नोकरी लागली होती. आमची मिठागरं आणि खाजणातली भातशेती सरकारनं घेतली, तिच्या बदल्यात ही नोकरी आली, आणि नोकरीपाठोपाठ आम्ही गाव सोडून नवीन पनवेलच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आलो. तिथं एके संध्याकाळी बाबांनी बूट काढता काढता सांगितलं की एल.टी.सी. मंजूर झाली आहे. म्हणजे काय, तर घरच्या सगळ्यांना घेऊन भारतात कुठंही जाऊन यायचं आणि रेल्वेचं भाडं ऑफिस देणार. कुठंही म्हणजे कुठंही? माझ्या धाकट्या भावानं, मंगेशनं, पुन्हा पुन्हा विचारून बाबांचं डोकं खाल्लं. तोवर आमचा भारत एका बाजूला उरण, दुसऱ्या बाजूला पेण आणि तिसऱ्या बाजूला खोपोलीचा घाट, एवढाच होता. घाटाच्या वर काय आहे ते आम्हाला ट्रकांच्या पाट्यांवरून माहीत. हायवेला उभं राहिलं की नागालँडपासून केरळपर्यंतच्या नंबरांचे ट्रक बंदराकडे जाताना दिसायचे, आणि ड्रायव्हरांची तोंडं बघून त्यांचे मुलुख कसे असतील ते मी आपलं आपणच ठरवून टाकायचे.

आमच्या घरात शब्द चालायचा तो आत्याचा. ती बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली, आणि मिठागरात मीठ ओढून ओढून तिनं बाबांना शिकवलं. खाऱ्या पाण्यानं तिच्या टाचा अशा उलल्या होत्या की फरशीवरून चालली तरी आवाज यायचा. तिनं काही म्हणायचं आणि बाबांनी मान हलवायची, ही पद्धतच होती. त्यामुळं एल.टी.सी.चं ऐकल्या ऐकल्या आत्यानं काशी जाहीर केली आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. बाबांना काय बुद्धी झाली कोण जाणे, ताटावर बसता बसता त्यांनी आईला सहज विचारलं, तुझं काय? हे विचारणं म्हणजे आपलं विचारायचं म्हणून. तुमी म्हनाल तिथं, असं उत्तर येणार हे त्यांनाही माहीत होतं. आईनं भात वाढला, कालवण वाढलं, आणि कालवणाची पळी हातात तशीच धरून म्हणाली, "मना गेंडा बगायचाय."

मंगेशला ठसका लागला. आत्याचा तर घास हातातच राहिला. झालं असं होतं की आई उरणजवळच्या करंजा गावची. बंदरावर मासळी सुकवायला हात कमी पडायला लागले म्हणून तिची शाळा चौथीत असताना मधेच सुटली. सुटली तेव्हा भूगोलात आसामचा धडा चालू होता. त्यात गेंड्याचं चित्र होतं, खाली एक ओळ होती, आणि पुढचं गुरुजी उद्या सांगणार होते. तो उद्या काही आला नाही. एवढी वर्षं तिनं हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. आत्या मात्र पेटली. काशी सोडून गेंडा? देव आहे का तो? चार-चार दिवस गाडीत बसायचं ते जनावर बघायला? मी मुळातच तोंडाळ. मी मधे पडले आणि म्हणाले की आईला विचारलंय तर आईचं ऐका की. मला एक धपाटा बसला, पण बाबांनी पहिल्यांदाच मान हलवली नाही. दोन दिवस असेच गेले. शेवटी आत्यानंच निकाल दिला, आणि तो मी शब्दाला शब्द सांगू शकते. "जाव. पन गेंडा नाय दिसला, तर पुढच्या येली काशी. आन तू परत मधी बोलायचा नाय." तू म्हणजे आई. आईनं हो म्हटलं. एवढं सगळं त्या गेंड्याच्या शिंगावर येऊन बसलं.

मग जी गडबड उडाली ती काय सांगू! दिवाळीची सुट्टी जवळ होती, त्यामुळं फराळच जास्तीचा झाला. करंज्या, चकल्या, चिवड्याचा मोठा डबा, तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी, स्टोव्ह, रॉकेलची बाटली, वळकट्या. वरच्या मजल्यावरच्या पुण्याच्या काकू, ज्या आम्ही गॅलरीत बोंबील वाळत घातले की हळूच आपली खिडकी लावून घ्यायच्या, त्या स्वेटर आणि माकडटोप्या घेऊन आल्या. आसामात थंडी असते, मुलांना सांभाळा, असं त्यांनी आईला बजावून सांगितलं आणि थर्मासही दिला. बाबांनी एकच ताकीद दिली होती, की सुकी मासळी घ्यायची नाही. गाडीत नाना तऱ्हेचे लोक असणार, वास सुटला तर आपलं नाव खराब. आई बरं म्हणाली. आणि करंज्याहून मामानं आणून दिलेले सुके बोंबील आणि जवळा तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डब्यात भरून, डबा जुन्या लुगड्यात बांधून गोधडीच्या पोटात घातला. मी पाहिलं, तिनं मला पाहिलं, आणि आम्ही दोघी गप्प बसलो.

कल्याणला गाडीत चढलो आणि मी खिडकीला जी चिकटले ती जवळजवळ गुवाहाटीलाच सुटले. अहो, देश एवढा मोठा असतो हे नकाशावर कळतच नाही! खानदेशात केळीच्या बागा संपता संपेनात, मग काळी माती, मग सागाचं जंगल, मग नर्मदा. जबलपूरच्या पुढं एका हरभऱ्याच्या शेतात नीलगायींचा कळप दिसला. मंगेश म्हणाला घोडे, मी म्हणाले गायी, आणि आम्ही एकमेकांना मारायला उठलो तेव्हा समोरचा एक बिहारी गृहस्थ हसत म्हणाला की दोघांचंही बरोबर आहे. स्टेशन बदललं की चहावाल्याचा आवाज बदलायचा, चहाचं भांडं बदलायचं, भाजी बदलायची. एके ठिकाणी पुरी-भाजी, पुढं पेढे, पुढं मातीच्या कुल्हडात चहा, पुढं बायका टोपल्यांत शिंगाडे घेऊन चढल्या. डब्यात रात्री झोपताना शेजारी बोलत होते ती भाषा सकाळी उतरून गेलेली असायची आणि तिच्या जागी दुसरी बसलेली असायची. त्या बिहारी गृहस्थाच्या बायकोनं आम्हाला सत्तू भरलेली लिट्टी दिली, आईनं तिला करंज्या दिल्या. दोघी तासभर गप्पा मारत होत्या. ही आगरीत बोलत होती, ती मैथिलीत, आणि दोघींचं मुलांच्या नावानं रडगाणं अगदी एकच चाललं होतं.

गंगा आली तेव्हा दुपार होती. पूल सुरू झाला, लोखंडाचा खडखडाट सुरू झाला आणि सगळा डबा खिडक्यांशी गोळा झाला. लोक पाण्यात पैसे टाकत होते. आत्यानं हात जोडले ते सोडेचना. एवढा वेळ ती रुसून वरच्या बर्थवर पडून होती, काशी बाजूनं निघून गेली म्हणून तोंड फुगवून. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती बाबांना म्हणाली, "येवढा पानी, आन सगला गोड?" जन्मभर खारं पाणी वाफ्यात कोंडून मीठ काढणाऱ्या बाईला त्या नदीचं दुसरं काय वाटणार? तेवढ्यात त्या गृहस्थानं खाली बोट दाखवलं. पाण्यातून एक काळपट पाठ वर आली, वळली आणि खाली गेली. सूंस, सूंस, असं तो ओरडला. नदीतला डॉल्फिन. मंगेशला दिसला नाही म्हणून तो रडायला लागला, पण आईनं तो वळायच्या आधीच हेरला होता. लहानपणी वडलांच्या होडीत बसून पाण्याकडे बघायची सवय, दुसरं काय. मी तेव्हा मनात म्हटलं, हिला नदीतला मासा दिसतो तर गेंडा काय, दिसेलच.

माझा हा उत्साह पुढं एका आसामी मास्तरांनी उतरवला. ते न्यू जलपाईगुडीला चढले. सभ्य, हळू बोलणारे. आम्ही गेंडा बघायला निघालोय कळल्यावर त्यांना फार आनंद झाला आणि मग त्यांचा चेहरा जरा पडला. या दिवसांत गवत फार उंच असतं, ते म्हणाले. पावसाळा संपून थोडेच दिवस झालेत. हत्तीवर बसलेला माणूससुद्धा झाकला जातो. माघ-फाल्गुनात गवत जाळतात, मग जनावरं दिसतात. तुम्ही तेव्हा यायला हवं होतं. तेव्हा कसं येणार? शाळेला सुट्टी दिवाळीची. आत्यानं वरच्या बर्थवरून सगळं ऐकलं आणि कूस बदलली. मी आईला ओळखते. त्या रात्री तिनं चिवड्याच्या डब्याचं झाकण उगाच दोनदा काढून लावलं.

गुवाहाटीहून बस. एका बाजूला दुरून दिसणारे डोंगर, दुसऱ्या बाजूला पिकलेलं भात, मधेमधे पाणी आणि पाण्यात उभे पांढरे बगळे. मला वाटलं, हे तर आपलंच खाजण! फरक एवढाच की इथं घरापुढं नारळाऐवजी सुपारी आणि बांबूचं बन. वाटेत एका गावाजवळ बस हळू झाली आणि खिडकीतून असा भपकारा आत आला की पुढच्या सीटवरच्या मारवाडी बाईनं नाकाला पदर लावला. आई ताठ झाली. "सुकट," ती म्हणाली. खरंच सुक्या मासळीचा बाजार होता. पोतीच्या पोती, ढिगाचे ढीग, बायका बसलेल्या, भाव चाललेला. आईचा चेहरा त्या क्षणी असा फुलला की बाबासुद्धा बघत राहिले. घर सोडून किती दिवस झाले होते आणि इथं, देशाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या माहेरचा वास! पुढं रस्त्यात लष्कराची तपासणी होती. त्या काळात तिकडे गडबड असायची. एका जवानानं आमची गोधडी उलगडली, लुगडं सोडलं, डबा उघडला आणि डोळे मिटून परत लावला. बाबांनी आईकडे बघितलं. आईनं खिडकीबाहेर बघितलं.

जंगलाच्या कडेच्या सरकारी विश्रामगृहात पोचलो तेव्हा अंधार पडत होता. आमच्या हातात एकच सकाळ होती, कारण परतीचं आरक्षण दुसऱ्याच दिवशीचं. हत्तीच्या फेरीला जायचं तर नाव नोंदवावं लागतं, आणि कुणा साहेबांची मंडळी आली असल्यामुळं हत्ती भरले होते. बाबा खूप वेळ त्या कारकुनाशी मोडक्या हिंदीत हुज्जत घालत होते. परत आले ते खाली मान घालून. तीनच जागा मिळाल्या होत्या आणि आम्ही पाचजण. बाबा म्हणाले की आई जाईल, दोन्ही मुलं जातील, मी आणि अक्का, म्हणजे आत्या, थांबतो. आत्या वळकटीची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागली. त्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळायचा. थोरल्या नणंदेला मागं ठेवून भावजयीनं हत्तीवर बसायचं, हे आमच्यात कुणी ऐकलंही नव्हतं. आई म्हणाली, अक्का जातील. तुम्ही बरोबर जा, त्यांना एकट्यानं हत्तीवर धास्ती वाटेल. मुलांतलं एक न्या. मला तर अशी चीड आली की काही विचारू नका. ज्या बाईसाठी एवढा देश ओलांडून आलो तीच खाली राहणार आणि जिला गेंड्याचं नाव नको ती वर बसणार! मी सगळ्यांसमोर सांगितलं की आई नाही तर मीही नाही, आणि पायरीवर फतकल मारली. आईनं मला आत ओढलं आणि म्हणाली की आता पुरे, बाबांना लाज वाटेल असं वागू नको.

पहाटे तिघं हत्तीवर गेली. मंगेशला आनंदानं उडी मारायची होती पण माझं तोंड बघून तो गुपचूप गेला. आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. धुकं होतं, मग सूर्य वर आला, आणि आई उठली. मला वाटलं आता ही रडणार. छे. तिनं गोधडीतून डबा काढला, उघडून वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. एवढ्या दिवसांच्या प्रवासात मासळीला ओल धरली होती. ओल धरलेल्या मासळीला बघून आमच्याकडची कुठलीही बाई जे करील तेच तिनं केलं. समोर छान कोवळं ऊन पडलं होतं, अंगणात बांबूचं कुंपण होतं. तिनं एकेक बोंबील कुंपणावर टांगला, खाली वर्तमानपत्र पसरून जवळा घातला आणि राखण करायला बसली. सरकारी विश्रामगृहाचं अंगण, कडेला राखीव जंगल, आणि त्यात आमचे करंज्याचे बोंबील ऊन खात आहेत! आज आठवलं तरी मला हसू फुटतं.

कावळे आले, आईनं हाड हाड केलं. मग काहीतरी मोठी सावली अंगणावरून गेली. मी वर बघेपर्यंत तो पक्षी उतरलासुद्धा होता. पक्षी कसला, माणूसच! माझ्या खांद्याएवढा उंच, टकला, मानेखाली लोंबती पिशवी, काठीसारखे पाय, आणि चोच म्हणजे कोयता. तो कुणाची परवानगी न घेता दोन पावलं चालला, कुंपणावरचा बोंबील उचलला आणि गिळला. दुसरा उचलला. आई चप्पल घेऊन धावली. आमच्याकडे मांजराच्या मागं धावतात तशी ती त्याच्या मागं, आणि तो न उडता नुसताच पुढं चालतोय, बोंबील चोचीत. आरडाओरडा ऐकून सगळी माणसं बाहेर आली. स्वयंपाक्याची बायको विळी टाकून पळत आली आणि तो प्रकार बघून जमिनीवर बसून हसायला लागली. हारगिला, हारगिला, असं ती सांगत होती, म्हणजे त्या पाखराचं नाव. तो शेवटी उडाला तेव्हा त्याच्या पंखांचा वारा मला लागला. विश्रामगृहाचा माणूस आईवर चिडला होता, इथं असलं काही उघड्यावर ठेवायचं नाही म्हणत होता, पण त्या बाईनं त्याला हातानंच गप्प केलं. तिनं वर्तमानपत्रावरचा जवळा चिमटीत घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग आईच्या हाताला धरून म्हणाली, "आहोक, आहोक." चला. तिचं नाव पद्मा. ती स्वतः पोद्मा म्हणायची.

तिचं घर रस्त्यापलीकडे, भाताच्या कडेला. बांबूच्या चटयांच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, मागं छोटं तळं आणि तळ्यापलीकडे तिचं शेत, शेतापलीकडे सरळ जंगल. आई चुलीपाशी बसली ती स्वतःच्या घरात बसावं तशी. तिनं निखाऱ्यावर बोंबील भाजले. पद्मानं बांबूच्या नळकांड्यातून तिची सुकी मासळी काढून दाखवली, मिरची ठेचली, भात काढला. एक दुसरीला दाखवतेय की आम्ही असं करतो, दुसरी म्हणतेय की अगं आम्ही पण, फक्त आम्ही चिंच घालतो. मी उंबऱ्यात बसून गरम भाताबरोबर भाजलेला बोंबील खात होते आणि माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला होता. आई एवढी बडबडते हे मला तोवर माहीतच नव्हतं. इतक्यात शेताकडून डबे बडवल्याचा आवाज आला. पुरुष ओरडत होते. पद्मा चटकन उठली, मागच्या दाराशी गेली आणि तिनं हात मागं करून आम्हाला बोलावलं. दुसरा हात ओठांवर होता.

तळ्याच्या पलीकडच्या काठावर गेंडा उभा होता. मी मोठ्ठं काहीतरी बघायची तयारी केली होती, पण एवढं मोठं? त्याच्या अंगावरच्या कातडीच्या घड्या स्पष्ट दिसत होत्या, खांद्यावर, मांडीवर, कुणी जाड गोधड्या शिवून घालाव्यात तशा. घड्यांमध्ये चिखल वाळला होता. कान हलत होते, एक इकडे, एक तिकडे. तोंडात भाताच्या लोंब्या होत्या. रात्रभर पद्माचं शेत खाऊन तो परत निघाला होता आणि उजाडल्यावरही त्याला घाई नव्हती. मग त्याच्या पोटाआडून आणखी एक डोकं निघालं. छोटं, बिनशिंगाचं. म्हणजे तो नव्हता, ती होती. आईच्या हातात अर्धा बोंबील होता. ती पुढं झाली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आणि गेंडीनं डोकं वर करून आमच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं देव जाणे. आई कुजबुजली, "बाय, लेकुरवाली हाय गो ती." मग पलीकडे परत डबे वाजले, गेंडी फुरफुरली, पिलाला पुढं घातलं आणि भात तुडवत गवतात गेली. गवत हललं आणि बंद झालं. आई रडत होती. हसतही होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि तिनं पद्माकडे वळून शेताकडे बोट केलं, तुझं भात गेलं गं म्हणून. पद्मानं खांदे उडवले आणि काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण तिच्या तोंडावर वैताग होता आणि त्याबरोबर आम्हाला दाखवल्याचा अभिमानही होता.

आज माझा मुलगा फोनवर बोट फिरवून मला हवा तितक्या वेळा गेंडा दाखवतो. धावणारा, पोहणारा, जन्माला येणारा. चांगला आहे, असं मी म्हणते. पण मला दिसते ती चौकटीला धरून उभ्या आईची पाठ.

हत्तीवरची मंडळी परत आली ती अंगभर दवानं भिजून. मास्तर म्हणाले होते तस्संच झालं होतं. गवत, गवत आणि गवत. एकदा हरणांच्या पाठी, एकदा रानडुक्कर, आणि माहूत एकदा म्हणाला तो बघा, पण गवत हलण्यापलीकडे काही दिसलं नाही. बाबांना आईकडे बघवत नव्हतं. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली की झालं ना मनासारखं, आता पुढल्या वेळी काशी. आई पद्मानं दिलेली सुपारी पदरात बांधत होती. मला कळेना, ही का बोलत नाही? मी ओरडलेच की आम्ही बघितला, पिल्लासकट बघितला, इथून त्या झाडाएवढा जवळ! आत्या म्हणाली की हो, आणि मी वाघाला हळदकुंकू लावून आले. मग आईनं फक्त एवढंच म्हटलं, "चला अक्का, दाखवते." आम्ही सगळे पद्माच्या मागच्या दारानं, तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेलो. चिखलात पाऊल उमटलं होतं, तीन बोटांचं, ताटाएवढं, आणि त्यात पाणी भरलं होतं. शेजारी तसंच छोटं, वाटीएवढं. पलीकडे शेतात मधोमध भाताचा रस्ताच पडला होता. आत्या उकिडवी बसली. तिनं आपला भेगाळलेला तळहात त्या पावलावर ठेवून बघितला. उठताना तिनं आईचा हात धरला. येताना गाडीत काशी, गेंडा, कशाचंच नाव तिनं काढलं नाही. मला वाटलं, ही हार मानणार नाही, घरी गेल्यावर काहीतरी खुसपट काढेल. आईलाही तेच वाटत असावं, कारण पनवेल जवळ यायला लागलं तशी ती परत गप्प होत गेली.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी बायका जमल्या. गावातल्या आल्या, बिल्डिंगमधल्या आल्या, पुण्याच्या काकू स्वेटर परत न्यायच्या निमित्तानं आल्या. आमच्याकडे बायका जमल्या की आत्या बाहेर खुर्चीत बसायची आणि बोलायची, आई आत चहा करायची. त्याही दिवशी आई आत गेली, स्टोव्हला पंप मारायला लागली. मी दाराला टेकून उभी होते आणि माझं रक्त उकळत होतं. बायकांनी गंगेचं विचारलं. आत्यानं गंगा सांगितली, पूल सांगितला, हत्ती सांगितला, हत्तीवर बसल्यावर पोटात कसं होतं ते सांगितलं. सगळ्या हसल्या. मग कुणीतरी विचारलं, अगो, पन गेंडा दिसला का? सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. गावातल्या सगळ्यांना आत्याची अट माहीत होती. आत स्टोव्हचा आवाज थांबला.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "मना नाय दिसला," ती म्हणाली. "मी गवात बगून आले. गेंडा हिनं बगला." आणि ती उठली, फरशीवर टाचा वाजवत आत गेली, आईच्या हातातला पंप काढून घेतला आणि तिला पाठीला हात लावून बाहेर ढकललं. आईला कुठं बसावं कळेना. खुर्ची रिकामी होती, पण ती खुर्चीत बसली नाही. जमिनीवर बायकांच्या मधोमध बसली, पदर सारखा केला आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग बोलायला लागली, आधी हळू, मग हातवारे करून, गेंडीसारखी मान वर करून, कान हलवून. पुण्याच्या काकू तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मंगेशसुद्धा हलला नाही. आणि आई श्वास घ्यायला जरा थांबली तेवढ्यात, आतून, चहा गाळता गाळता, आत्याचा आवाज आला.

"आगो, पिलाचा सांगतलास का?"